दर्या खंय गेलो?

रत्नागिरीहून पत्र आलंय. मोठं आहे, कापून देते.

"बाई, माझं वय ३८, एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघते. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्या, मग सगळं सुटलं. मागच्या दिवाळीपासून परत वॉटरकलर सुरू केलंय, रविवारी दुपारी सगळे झोपले की बसते. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी दक्षिणेला, आणि समोर दिसते ती फक्त समोरची बिल्डिंग. पाच मजली, पिस्ता कलरची, अगदी साधी. मी तीच काढते, अकरा चित्रं झाली. सासूबाई मालवणच्या, प्रत्येक चित्राला विचारतात, ‘ह्यां काय गो? दर्या खंय गेलो?’ नवरा म्हणतो बिल्डरचं ब्रोशर वाटतं, आणि खरं सांगू का, मलाही तसंच वाटायला लागलंय. चाळीसच्या चाळीस खिडक्या मोजून काढल्या तरी चित्र मेलेलंच. त्यात समोरच्या एका काकूंनी सेक्रेटरींकडे तक्रार केली की ही आमच्या घरात बघत बसते. ओळखीच्या एका हॉटेलवाल्यांना सहा चित्रं हवी आहेत पण त्यांना होड्या आणि सूर्यास्तच पाहिजे. बिल्डिंग हा चित्राचा विषय असतो का तरी? आणि पावसानंतर समोर नवीन कलर काढणार आहेत म्हणे, मग तर काहीच उरणार नाही. — खिडकीतली"

अगं, आधी ते हॉटेलचं संपवते, कारण त्यात काही गहन नाहीये. सहा होड्या काढ आणि पैसे घे. अर्धे आधी घे, उरलेले चित्रं द्यायच्या दिवशी, भिंतीवर लागल्यावर नाही. तू वसुलीत आहेस, तुला मी काय शिकवणार. होड्या काढल्या म्हणून कुणी बाटत नाही, मी स्वतः इतके सूर्यास्त काढून दिलेत की विचारू नको, आमच्या घरचा पहिला फ्रीज त्यातूनच आला. फक्त एक कर, होड्यांचे कागद वेगळे ठेव आणि बिल्डिंगचे वेगळे, म्हणजे डोक्यातही वेगळे राहतात.

आता खरा प्रश्न. विषय असतो का.

याचं उत्तर देण्याआधी एक कबुली देते, बरेच दिवस मनात आहे. शाळेत शिकवत असताना सातवीला ‘माझे घर’ विषय दिला होता. वर्गात निम्मी तरी पोरं अपार्टमेंटमधली असतील, पण ज्याने त्याने काय काढलं, तर कौलारू घर, बाजूला माड, मागे दोन डोंगर, मधून सूर्य. फ्लॅटमधे जन्मलेल्या पोरांनीसुद्धा. एकाच पोराने जिना काढला. नुसता जिना, खालपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत, प्रत्येक लँडिंगवर चपला, एका दारापुढे रांगोळी, एका दाराला कुलूप, कोपऱ्यात कुणाची तरी सायकल साखळीने बांधलेली. आणि मी काय केलं, तर खाली लाल पेनने लिहिलं ‘घर कुठे आहे?’ आणि दहापैकी चार दिले. तो मुलगा आता कुठे असतो माहीत नाही, तो जिना मात्र मला अजून पायरी न पायरी आठवतो आणि बाकीच्या वर्गाचं एकही चित्र आठवत नाही. तेव्हा सासूबाईंवर रागावू नकोस, त्यांनी विचारलं दर्या कुठे गेला, मी विचारलं घर कुठे गेलं, आणि मी तर त्याच कामाचा पगार घेत होते.

अमेरिकेत एडवर्ड हॉपर नावाचा चित्रकार होऊन गेला, जन्म १८८२ चा. १९१३ मधे न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याचं पहिलं चित्र विकलं गेलं, २५० डॉलरला, आणि ते होतं शिडाच्या होडीचं. म्हणजे तुझ्या हॉटेलवाल्यासारखं गिऱ्हाईक तिथेही होतंच. पुढची दहा वर्षं एकही पेंटिंग गेलं नाही, मासिकांसाठी इलस्ट्रेशनं करून पोट भरत होता आणि त्या कामाचा त्याला मनापासून वैताग होता. मग १९२३ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरला गेला. हे मच्छीमारीचं बंदर, आपला मिरकरवाडाच समज, आणि उन्हाळ्यात तिथे चित्रकारांची ही गर्दी. सगळे धक्क्यावर ईझल लावून बोटी काढतायत आणि हा गल्ल्यांतून घरं बघत हिंडतोय. नंतर त्याने स्वतःच सांगितलंय की बाकीचे जहाजं नि धक्का रंगवत असायचे तेव्हा मी आपला घरं बघत फिरायचो. त्यातलं एक वॉटरकलर, एका जुन्या घराच्या छपराचं आणि वाऱ्याने फुगलेल्या पिवळ्या कनातींचं, ब्रुकलिन म्युझियमने त्याच वर्षी १०० डॉलरला घेतलं. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. तू ३८.

(आता लगेच नोकरी सोडू नकोस. एल. एस. लावरी म्हणून इंग्लंडमधला एक होता, गिरण्या, चाळवजा घरं, धुराडी असलंच काढायचा. तो ६५ व्या वर्षी रिटायर होईपर्यंत घरभाडं गोळा करायचं काम करत होता, दारोदार, वहीत मांडत, आणि ही गोष्ट लोकांपासून लपवायचा. वसुलीवालाच की! उगीच लपवायचा असं मला वाटतं, ती घरं त्याला इतकी पाठ झाली ती भाड्यामुळेच.)

आणि लांब कशाला जा, आपल्या ठाण्याचे सुधीर पटवर्धन घे. शिकले डॉक्टरी, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून १९७५ पासून तीस वर्षं प्रॅक्टिस केली, दिवसा लोकांचे एक्सरे आणि उरलेल्या वेळात ठाणं, उल्हासनगर, लोअर परळ. डोंगर पोखरून वर चढत गेलेल्या बिल्डिंगा, पूल, नाले, रुळांच्या कडेची वस्ती, आणि हे सगळं मोठमोठ्या कॅनव्हासवर. २०१९ च्या शेवटी मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे सरकारच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, मी सकाळच्या गाडीने गेले आणि पाय दुखेपर्यंत बघितलं. माझ्या बाजूला एक गृहस्थ बायकोला सांगत होते, अगं हे आपलं पोखरणच की, तो बघ तो वळसा. चित्रासमोर उभा राहून माणूस आपला बसस्टॉप शोधतोय, एवढं मी तरी कुठल्या सूर्यास्तापुढे बघितलेलं नाही.

तर विषय आहे. हे उत्तर तुला माहीत होतंच, नाहीतर अकरा कशाला काढली असतीस. तुझं दुखणं दुसरं आहे, आणि तुझ्या नवऱ्याने ते बरोबर ओळखलंय हे मला जरा कौतुकाने सांगावंसं वाटतं. ब्रोशर. ब्रोशरमधली बिल्डिंग कशी असते बघ, ती अजून बांधलेलीच नसते. तिच्यावर पाऊस पडलेला नसतो, तिच्यात सकाळ नसते की संध्याकाळ नसते. तुझ्या चित्रांचे तू फोटो पाठवलेस त्यात मला तेच दिसलं, बिल्डिंग आहे आणि वेळ नाही. किती वाजले कळत नाही, कुठला महिना कळत नाही, बिल्डिंग दोन वर्षांची की वीस वर्षांची तेही कळत नाही.

यात निम्मी चूक तुझी नाहीच, सूर्याची आहे. तुझी गॅलरी दक्षिणेला म्हणजे तुला समोरच्यांची उत्तरेची भिंत दिसते. तू दिवाळीनंतर बसलीस. दिवाळी ते मार्च सूर्य दक्षिणेकडून जातो, त्या भिंतीवर अख्ख्या दिवसात ऊन येतच नाही, एकसारखी सपाट सावली, त्यात तू दुपारी बसणार. मग चित्रात उरतं काय, तर पिस्ता रंग आणि चाळीस चौकोन. याच्यात हॉपरला बसवला असता तरी ब्रोशरच निघालं असतं.

पण आता मे चाललाय. रत्नागिरी सतरा अक्षांशावर, मेच्या पहिल्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येऊन गेला, शून्य सावलीचा दिवस म्हणून तुमच्याकडच्या शाळांनी काठ्या लावून बघितलाही असेल. इथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो भर दुपारीसुद्धा उत्तरेकडेच असतो, म्हणजे हिवाळाभर सावलीत असलेल्या तुझ्या भिंतीवर आत्ता ऊन आहे आणि ते पण कसलं, तर भिंतीला चाटून जाणारं. सकाळी साडेसात वाजता ऑफिसच्या आधी अर्धा तास गॅलरीत उभी राहा. ऊन पूर्वेकडून तिरकं घासत येतं, त्यामुळे भिंतीतून चार बोटं बाहेर आलेल्या प्रत्येक गोष्टीची सावली आडवी लांबच लांब पडते, ड्रेनेजचा पाइप, एसीचं आऊटडोअर युनिट, ग्रिलचा पिंजरा, केबलची गुंडाळी, सगळ्यांची. गिलाव्यात गवंड्याची थापी कुठे थांबली तेही दिसतं. संध्याकाळी पाचनंतर परत हेच, पण उलट्या बाजूने. आणि दुपारी साडेबाराला बघितलंस तर ऊन वरून सरळ खाली उतरतं आणि छज्जाची सावली पडद्यासारखी मजलाभर लोंबते. लोकांना वाटतं सूर्य डोक्यावर असला की सावल्या आखूड. जमिनीवर आखूड, भिंतीवर लांब. हे एवढं एकदा डोक्यात बसलं ना की सावली बघून कुणीही सांगेल किती वाजले.

त्याच वेळी छज्जाची खालची बाजू बघ. तिथे काळोख असेल असं आपण धरून चालतो आणि पेन्स ग्रे, म्हणजे ट्यूबमधला निळसर काळा करडा, फासतो. नसतो तिथे काळोख. खाली कंपाउंडमधे लाल माती आहे, जांभ्याची भिंत आहे, त्यावर ऊन आपटून वर येतं आणि छज्जाचं पोट चक्क नारिंगी दिसतं. खालच्या मजल्यांना जास्त, वर वर कमी. हे कोकणातच बघायला मिळेल, मुंबईत डांबराचा रस्ता असला तर नाही. तुझा दर्या नाही आला चित्रात पण माती आली, सासूबाईंना सांग.

आता खिडक्या. चाळीस मोजून काढल्यास म्हणतेस, मोजणं सोड. डोळे बारीक करून बघ, इतके की पापण्यांची जाळी मधे येईल, मग चाळीस खिडक्या राहत नाहीत, गडद-फिक्याचे चार-पाच ढीग राहतात. ते ढीग आधी टाक, एका मोठ्या ब्रशने, ओल्यात ओलं मिसळू दे. मग तीन खिडक्या निवड. फक्त तीन, ज्या तुला खरंच माहीत आहेत, म्हणजे कुणाकडे कुंड्या, कुणाकडे लोणच्याची बरणी उन्हात, कुणी काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलंय, त्या नीट काढ आणि बाकीच्या सदतीस सुचवून सोडून दे. बघणाऱ्याचा डोळा त्या स्वतःच भरून घेतो, त्याला तेवढी अक्कल असते. आणि खिडकी म्हणजे काळा चौकोन नव्हे गं. स्लायडिंगच्या काचा आहेत ना समोर? तू तिसऱ्या मजल्यावर, तर अगदी वरच्या मजल्याच्या काचांत आकाश दिसणार, त्या भिंतीपेक्षाही फिक्या असू शकतात, आणि तुझ्या समोरच्या नि खालच्या काचांत काय दिसणार सांग बघू. तुमचीच बिल्डिंग. तुमच्या गॅलऱ्या, तुमचे वाळत घातलेले कपडे, नीट बघितलंस तर एका काचेत स्टुलावर बसलेली तू. उघडी असलेली खिडकी तेवढी खरी काळी.

हॉपरचंच १९३० चं एक चित्र आहे, ‘अर्ली संडे मॉर्निंग’. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची एक दुमजली रांग, खाली दुकानं बंद, वर राहणारे, समोरून सरळ काढलंय, तू काढतेस तसंच, पर्स्पेक्टिव्हची कसरत नाही. म्हणजे समोरून काढलं म्हणून ब्रोशर होत नाही. त्याच्या वरच्या सगळ्या खिडक्या एकाच मापाच्या आहेत पण पडदे बघ, एकाचा अर्धा खाली, एकाचा पूर्ण, एकाचा थोडासाच. पडदा कुणी किती ओढलाय एवढ्यावर आतल्या बिऱ्हाडांचा पत्ता लागतो. माणूस एकही नाही. आधी एका खिडकीत त्याने माणूस काढला होता, नंतर त्यावर रंग फिरवून टाकला.

यावरून त्या काकू आठवल्या. काकूंचं बरोबर आहे. तुला कितीही वाटलं की मी भिंत बघते तरी समोरून त्यांना दिसतं काय, तर दर रविवारी एक बाई आपल्या बेडरूमकडे तोंड करून तीन तास बसलेली. मलाही आवडलं नसतं. सेक्रेटरींच्या मार्फत खुलासे पाठवू नकोस, त्याने गोष्ट मीटिंगच्या अजेंड्यावर जाईल आणि मग तुझं चित्र पार्किंगच्या भांडणाखाली चिरडलं जाईल. सरळ एक चित्र घेऊन संध्याकाळी त्यांच्याकडे जा, चहाच्या वेळेला, आणि त्यांना त्यांची खिडकी दाखव. लोक पहिलं काय म्हणतात माहितीये? ‘आमचा पडदा असा नाहीये.’ एवढं म्हणाल्या की समज झालं काम. बाकी आतली माणसं काढायची नाहीत हे तू स्वतःच ठरवून टाक, आणि चित्र कुठे टाकलंस तर बिल्डिंगचं नाव, विंगचं नाव लिहू नकोस. दोरीवरचे कपडे काढायला हरकत नाही, पण त्यातही जरा तारतम्य ठेव, कळतंय ना.

आता पावसाचं, म्हणजे भिंतीवरच्या पावसाचं. आपल्याकडची बिल्डिंग आणि पुण्याची बिल्डिंग यात फरक काय, तर आपल्याकडे चार महिने तिच्यावर तोंड फोडल्यासारखा पाऊस पडतो आणि तो नैऋत्येकडून येतो. त्यामुळे प्रत्येक बिल्डिंगच्या पश्चिमेचा कोपरा काळा आणि पूर्वेचा त्या मानाने स्वच्छ, तुझ्या चित्रात दोन्ही कोपरे सारखे पिस्ता आहेत. छज्जाच्या टोकातून जिथे थेंब ओघळतो तिथून खाली दाढीसारखे काळे फराटे असतात, ते काळे काढू नकोस. आत्ता मे मधे ते वाळलेले आहेत म्हणून काळपट तपकिरी, जुलैत तेच जिवंत होतात नि हिरवे दिसतात. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, तो तांबूस तपकिरी, मिसळ, त्यात कधी इकडचा थेंब जास्त कधी तिकडचा, ट्यूबमधला काळा डब्यातून काढूनच टाक. गिलावा पडला असेल तिथे जवळ जाऊन बघ, बहुतेक आत विटा नसून जांभ्याचा चिरा दिसेल, ती भोकाभोकांची लाली. तिथे बर्न्ट सिएना जवळजवळ सरळ ट्यूबमधून. आणि गच्चीवर गळतीसाठी घातलेली पत्र्याची शेड असेल ना? ती तू अकराच्या अकरा चित्रांत गाळली आहेस असं दिसतंय. का गं? वाईट दिसते म्हणून? बिल्डरही तेच करेल.

मी चिपळूणला असते हे तुला माहीत असेल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो, खाली क्लासच्या खोलीत मुलांची वर्षभराची चित्रं होती, ती गेली. पाणी ओसरल्यावर चिखल उपसण्यात किती दिवस गेले ते आता सांगत बसत नाही. पण पहिल्यांदा जेव्हा गॅलरीत जरा स्वस्थ उभी राहिले तेव्हा समोरची बिल्डिंग दिसली. तशीच होती, मोतिया रंगाची, रोजचीच. फक्त तिच्यावर एक रेघ होती, पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ आडवी, खाली चिखलाचा तपकिरी रंग आणि वर मोतिया, ती जिन्याच्या जाळीतून, दुकानाच्या पाटीवरून, मीटरच्या पेट्यांवरून तशीच सरळ गेलेली. खालच्या दुकानाच्या पाटीतली अर्धी अक्षरं रेघेखाली होती. चाळीस वर्षं चित्रकला शिकवून मी कधी बिल्डिंग काढली नव्हती. त्या दिवशी मुलाच्या ऑफिसच्या प्रिंटरचा कोरा कागद घेतला, कारण दुसरा कोरडा कागद घरात नव्हता, आणि बॉलपेनने काढली. पुढच्या वर्षी त्या लोकांनी कलर काढला, आता आकाशी आहे, रेघ गेली. कागद आहे माझ्याकडे.

म्हणून तू जे घाबरतेस ना, की नवीन कलर निघाला की काहीच उरणार नाही, ते मला उलटं वाटतं. तुला एक बिल्डिंग मिळाली आहे जी पुढच्या सहा महिन्यांत चार वेळा कपडे बदलणार आहे. आत्ता उन्हातली वाळलेली. मग मिरगाच्या आत लोक निळ्या ताडपत्र्या बांधायला लागतील, गॅलऱ्यांना, कुलरच्या खोक्यांना, आणि पिस्ता रंगावर निळे चौकोन उगवतील. मग धुवांधार, भिंत ओली, सगळे रंग एक पट्टी गडद, काचा पांढऱ्या, संध्याकाळी चारलाच लाईट लागलेले. आणि गणपतीनंतर परांची. बांबू, सुतळी, लोंबणारे पोते, अर्धी भिंत जुनी आणि अर्धी नवीन. कामिल पिसारो म्हणून फ्रेंच चित्रकार होता, डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याला बाहेर वाऱ्यात बसणं जमायचं नाही, तर १८९७ मधे पॅरिसच्या एका हॉटेलात खोली घेऊन त्याने खिडकीतून दिसणारा एकच रस्ता आणि त्याच्या दोन्हीकडच्या बिल्डिंगा चौदा वेळा काढल्या. सकाळी, धुक्यात, पावसात, जत्रेच्या गर्दीत, एक तर रात्री. त्याला खोलीचं भाडं पडत होतं. तुला गॅलरी फुकट आहे.

फोटोवरून काढत असशील तर तेवढं बंद कर. मोबाईल जवळच्या बिल्डिंगचे कोपरे वाकवतो, भिंती वर जाताना आत झुकतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सावलीतला रंग खातो, ते नारिंगी पोट फोटोत येणारच नाही. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घे, त्यात दोन बाय तीन इंचाचं भोक काप आणि त्यातून बघ. पूर्ण बिल्डिंग बसवायची नाही. एक कोपरा, दोन मजले, एक पाइप आणि वर बोटभर आकाश, इतकंही खूप होतं. ते बोटभर आकाश नीट निवडलंस तर सासूबाई म्हणतील, ह्या आकाशाखाली दर्या असतलो. आहेच ना, तिकडे मागे दोन किलोमीटरवर.

कागदाचं थोडक्यात सांगते. पावसाळ्यात तुझा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दोन दोन तास वाळणार नाही, वैतागू नकोस आणि हेअर ड्रायरवर विसंबू नकोस, लाईट नेमकी तेव्हाच जाते. ओल्या भिंती काढायला ओला कागद बरा पडतो, कडा आपोआप विरघळतात. पण कोरे कागद मात्र आत्तापासून सांभाळ, दमट हवेत कागदावरचं साइझिंग, म्हणजे रंग लगेच मुरू न देणारा खळीसारखा लेप, बिघडतं आणि मग रंग टिपकागदावर टाकल्यासारखा शोषला जातो, ठिपके ठिपके येतात. बुटांच्या खोक्यात त्या सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या फेकत जाऊ नकोस, कागद प्लास्टिकमधे गुंडाळून पुड्यांसकट पत्र्याच्या ट्रंकेत ठेव, खाली लाकडी फळी, जमिनीला टेकवून नाही. कॉटनचा ३०० जीएसएमचा कागद महाग पडतो, तर होड्यांच्या ॲडव्हान्समधून घे. झाला की नाही होड्यांचा उपयोग.

आणि त्या अकरा चित्रांवर परत हात फिरवू नकोस, मागच्या बाजूला तारखा लिहून ठेवून दे. बारावं चित्र सकाळी साडेसातचं कर. पुठ्ठ्याच्या भोकात पश्चिमेचा काळा कोपरा घे, पत्र्याची शेड घे, आणि काकूंची नसलेल्या तीन खिडक्या. लवकर कर पण, इकडे चिपळुणात काल संध्याकाळी आभाळ गच्च भरून आलं होतं आणि आमच्या खालच्यांनी ताडपत्री बाहेर काढली.